वसतिगृहाची टाकी आणि मुलांची हजेरी



मागील अंक पोहोचल्यावर एका मंडळीतून प्रश्न आला होता की, आपले काम मुलांच्या शिक्षणाचे आणि आरोग्याचे असताना वार्तापत्रात पाण्याबद्दल एवढे का छापले जाते? प्रश्न रास्त आहे. शिरूर कासारकडे या दोन गोष्टी एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत, ते या वेळी सविस्तर सांगतो.

शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावलेली सिंदफणा या गावाजवळून वाहते आणि पुढे माजलगावच्या धरणाला मिळून गोदावरीकडे जाते. वाहते म्हणायचे ते पावसाळ्यापुरते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही सरळ पडत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला हा तालुका होता. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके आणि घरे वाहून गेली आणि सिंदफणा पात्र सोडून बाहेर आली. पूर ओसरल्यावर चिखल काढणारे हातच दुसऱ्या एखाद्या वर्षी फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहतात.

या भागातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या आसपास कोपी बांधून मार्च-एप्रिलपर्यंत राहायचे. त्यांच्यात भिल्ल आणि पारधी कुटुंबेही असतात. मूल बरोबर गेले की शाळा सुटते. म्हणूनच जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात, आणि याच तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे यांनी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ‘शांतिवन’ उभे केले. ख्रिस्ती संस्थांची वसतिगृहेही याच गरजेतून उभी राहतात.

आता उन्हाळा लागतो. बोअर गरम हवा फेकू लागते. टँकर एक दिवसाआड येतो, मग तीन दिवसांनी. वसतिगृहाच्या चालकापुढे प्रश्न उभा राहतो की, मुले ठेवायची कशी? शेवटी सुट्टी लवकर जाहीर होते. गावातल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी ती नुसती सुट्टी असते, कारण त्याला जायला घर आहे. पारध्याच्या मुलीने जायचे कुठे? आईवडील दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात. ती तिकडे जाते, धाकट्या भावंडाला सांभाळते, चारदोन मोळ्या बांधते. जूनमध्ये तिची जागा हजेरीपटावर रिकामी असते. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बातमी येते. वसतिगृहाने तिला काढून टाकलेले नसते. टाकी रिकामी झालेली असते, एवढेच.

म्हणून इथे पाणी वाचवणे म्हणजे मुलीला जूनपर्यंत शाळेत ठेवणे. या एका वाक्यासाठी पुढचा सगळा हिशोब आहे.

हिशोब मांडून पाहू. भारतीय मानक ब्यूरोच्या जुन्या प्रमाणानुसार वसतिगृहाला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. दिवसाच्या शाळेला ४५, कार्यालयाला ४५, उपाहारगृहाला बसण्याच्या जागेमागे ७०, आणि शंभरपर्यंत खाटांच्या इस्पितळाला खाटेमागे तब्बल ३४०. हे आकडे इमारत बांधताना टाक्या आणि नळ किती मोठे घ्यायचे यासाठी आहेत. एवढे पाणी प्रत्येकाने वापरलेच पाहिजे असा त्यांचा अर्थ नाही. दुसरीकडे जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरासाठी माणशी ५५ लिटर धरले आहे. साठ मुलींचे वसतिगृह असेल तर १३५ च्या हिशोबाने रोज ८,१०० लिटर लागतील, ५५ च्या हिशोबाने ३,३००. दहा हजार लिटरचा टँकर पहिल्या हिशोबात सव्वा दिवस पुरतो, दुसऱ्यात तीन दिवस. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचे शंभर दिवस धरले, तर फरक ४,८०,००० लिटरचा पडतो. म्हणजे अठ्ठेचाळीस टँकर. टँकरचा दर उन्हाळ्यात मागणीप्रमाणे चढतो. देणगीचे पैसे कुठे जिरतात ते यावरून लक्षात येईल.

पण ५५ लिटरमध्ये मुली नीट राहू शकतात का? राहू शकतात. पिणे आणि स्वयंपाक १०, अंघोळ १६, शौचालय १०, कपडे १०, भांडी ५, फरशी ४. बेरीज बरोबर पंचावन्न. मात्र यात कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरवले पाहिजे. पिण्याचे पाणी कमी करायचे नाही. हात धुण्याचे कमी करायचे नाही. मोठ्या मुलींना पाळीच्या दिवसांत जास्त पाणी लागते, ते न मागता मिळाले पाहिजे. काही ठिकाणी ‘आठवड्यातून दोनदाच अंघोळ’ असा नियम लावून पाणी वाचवल्याचे अभिमानाने सांगतात. मग खरूज पसरते आणि वाचवलेल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी अंथरुणे उकळून धुण्यात जाते. आपत्तीतल्या छावण्यांसाठी माणशी किमान १५ लिटर हे आंतरराष्ट्रीय प्रमाण मानतात, पण वसतिगृह ही छावणी नव्हे. मुले तिथे वाढायला आलेली असतात.

मग वाचवायचे कुठे? जिथे कोणी पाणी वापरतच नसताना ते जाते, तिथे आधी.

याची परीक्षा अगदी सोपी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. रात्री दहा वाजता सगळे झोपल्यावर टाकीत कोरडी काठी सरळ बुडवून ओल कुठवर आली तिथे खूण करायची. मोटर बंद. पहाटे पाच वाजता, कोणी उठायच्या आत, पुन्हा काठी बुडवायची. दोन खुणा एकच असल्या तर देवाचे आभार मानावेत. फरक असेल तर मोजावा. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद टाकी असेल, तर एक सेंटिमीटर पाणी उतरले म्हणजे साठ लिटर गेले. पाच सेंटिमीटर उतरले तर तीनशे लिटर, आणि ते झोपेच्या सात तासांत. मी एका वसतिगृहात ही परीक्षा पाहिली आहे. चालक म्हणत होते, आमच्याकडे एकही नळ गळत नाही. नळ खरोखरच गळत नव्हते. टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा बॉलकॉक अडकला होता आणि वरच्या टाकीचे पाणी सांडव्याच्या नळीतून इमारतीच्या मागे, जिथे कोणी जात नाही तिथे, गवतात पडत होते. तिथले गवत भर एप्रिलात हिरवेगार होते. त्या हिरवळीचे कौतुक एका पाहुण्यांनी आदल्याच महिन्यात केले होते!

गळणाऱ्या नळाचेही मोजमाप ठेवावे. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला वीसएक लिटर जाते. म्हणजे एका मुलीच्या अंघोळीहून जास्त. नळाखाली दोनशे मिलिलिटरचा पेला ठेवा. तो एका मिनिटात भरला तर दिवसाला २८८ लिटर गेले, पाच मुलींचे सगळे दिवसभराचे पाणी. दुरुस्तीला लागते काय, तर बहुतेक वेळा एक वायसर. तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. अडचण अशी की वायसरवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही. पाण्याची टाकी, शॉवर, कमोड यांसाठी देणगी मिळते आणि भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. दुरुस्तीसाठी मात्र हात सहज पुढे येत नाहीत. हे टोचून लिहीत नाही, पण आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखे आहे.

सगळ्यात मोठी बचत शौचालयात असते, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीतून एका वेळी दहा-बारा लिटर पाणी जाते. दिवसातून पाच वेळा वापर धरला तर मुलीमागे पन्नास लिटर केवळ शौचालयात गेले. वर ठरवलेल्या पंचावन्नपैकी पाचच उरले. दोन बटणांच्या नव्या टाकीत लहान बटणाला तीन आणि मोठ्याला सहा लिटर लागतात. तेही आपल्याकडे जास्तच. खेड्यासाठी खरा उपाय आहे तो पाणी हाताने ओतायच्या शौचालयाचा, ज्याला रुरल पॅन म्हणतात त्याचा. त्या भांड्याला तीव्र उतार असतो, साधारण २५ ते २८ अंशांचा, आणि खालच्या वाकड्या नळीत पाणी अडून राहते ते फक्त २० मिलिमीटर. साध्या शहरी भांड्यात हा अडसर पन्नास मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असतो आणि तो ढकलायला पाच लिटर किंवा जास्त पाणी लागते. रुरल पॅनमध्ये दीड-दोन लिटरचे एक टमरेल पुरते. वास येत नाही, कारण थोडे का होईना पाणी आड असतेच. पाच वेळा दोन लिटर, म्हणजे दहा. वरच्या हिशोबातले दहा लिटर ते हेच.

इथे एक चूक वारंवार होते. गवंडी तालुक्याच्या दुकानातून दिसायला छान म्हणून शहरी भांडे आणतो, बसवतो, आणि वर शोषखड्ड्याचेच शौचालय बांधतो. मग मुली बादली-बादली ओततात, खड्डा भरून येतो आणि दोष मुलींवर जातो. बांधकाम सुरू होण्याआधी भांडे कोणते घ्यायचे, हे अंदाजपत्रकात लिहूनच द्यावे. जिथे जुन्या फ्लशच्या टाक्या आहेत आणि बदलायला पैसे नाहीत, तिथे एक लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून टाकीत उभी करावी. प्रत्येक वेळी एक लिटर वाचते. वीट टाकू नये. ती झिजते आणि तिचे कण झडपेत अडकून टाकी रात्रंदिवस गळत राहते.

अंघोळीबद्दल फार सांगायला नको. बादली आणि मग. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर घेतो. मुलगी आठ मिनिटे उभी राहिली की चार बादल्या संपल्या. हात धुण्याच्या नळांना तोंडाशी बसवायची जाळी मिळते, तिला एअरेटर म्हणतात. ती पाण्यात हवा मिसळते, धार भरलेली वाटते आणि पाणी निम्म्याहून कमी लागते. साबण लावताना नळ बंद ठेवण्याची सवय मात्र कुठल्याही जाळीने लागत नाही.

स्वयंपाकघरात तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत धरले तर भांड्यांचा पहिला हात त्यातच निघतो. भांडी आधी राखेने किंवा भुशाने कोरडी पुसून घ्यायची आणि तीन घमेल्यांत ओळीने विसळायची, हे आपल्या आजीच्या काळापासून चालत आले आहे. नळाखाली धुण्याची पद्धत अलीकडची. ज्या वसतिगृहात पाण्यातल्या क्षारांमुळे आरओ यंत्र बसवले आहे, तिथे एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाजूच्या नळीतून सोडून दिले जाते. ती नळी मोरीत सोडलेली असते. तिच्याखाली पिंप ठेवले की फरशी पुसण्याचे आणि शौचालयाचे पाणी फुकट मिळते. क्षार जास्त असल्याने ते झाडांना सतत घालू नये.

अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी पुन्हा वापरायचे असेल तर ते शौचालयाच्या पाण्यापासून पहिल्यापासूनच वेगळे वाहिले पाहिजे. एकदा एकाच गटारात गेले की काही करता येत नाही. वेगळे असेल तर खडी आणि वाळूच्या एका लहान खड्ड्यातून, कर्दळीच्या ओळीतून ते परसबागेत सोडता येते. शेवगा, पपई, केळी, कढीपत्ता त्यावर चांगले येतात. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना ते देऊ नये.

आता आभाळातल्या पाण्याकडे वळू. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एवढे एकच सूत्र लक्षात ठेवायचे. वसतिगृहाचे छत तीनशे चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन हजार चौरस फुटांच्या आसपास असेल, आणि पाऊस सरासरीपेक्षा कमी, पाचशे मिलिमीटर धरला, तर दीड लाख लिटर पाणी पडते. सुकणे, उडणे, पहिला पाऊस सोडून देणे यांत पाचवा भाग गेला तरी १,२०,००० लिटर उरतात. एवढ्या पाण्याला टाकी फार मोठी लागते आणि खर्च झेपत नाही. पण सगळे साठवण्याची गरजच नाही. चाळीस हजार लिटरची टाकी घ्या. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, दोन मीटर खोल. साठ मुलींना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज सहाशे लिटर लागतात. टाकी सहासष्ट दिवस पुरते. १ एप्रिलला तिचे कुलूप उघडले तर ५ जूनपर्यंत पिण्याच्या पाण्याची चिंता नाही. दोन दिवसांनी मृग लागते.

यातली खरी गंमत अशी की दुष्काळी वर्षातही ही टाकी भरते. पाऊस निम्म्याहून कमी, तीनशे मिलिमीटरच झाला, तरी छतावरून ७२,००० लिटर मिळतात. नदी वाहत नाही, बोअरला पाणी येत नाही, अशा वर्षी छत मात्र दगा देत नाही. पावसाळ्यात या टाकीतले पाणी वापरत राहावे आणि सप्टेंबरच्या परतीच्या पावसात ती काठोकाठ भरून बंद करावी. जास्तीचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून बोअरच्या शेजारी जमिनीत सोडावे.

सांभाळायचे ते असे: छतावर शेण-कुडाची, कबुतरांची घाण नको. पन्हळीच्या तोंडाला जाळी हवी. पहिला जोराचा पाऊस टाकीत घ्यायचा नाही. त्यासाठी नळीला एक बाजूची वाट ठेवतात. टाकी पूर्ण झाकलेली आणि काळोखी हवी, उजेड लागला की शेवाळ धरते. हवेच्या नळीला डासांची जाळी. पिण्यापूर्वी क्लोरीनचे औषध. पत्र्याचे छत असेल तर काम आणखी सोपे, फक्त पत्रा गंजलेला नसावा आणि त्याला शिशाचा रंग नसावा.

या भागाला हे सगळे नवीन नाही. बीड शहराजवळ सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी बांधलेली खजाना विहीर आहे. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचे पाणी पुढच्या शेतांकडे कुठल्याही मोटरशिवाय जात असे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. त्या गावाने पाणी अडवलेच, पण त्याहून मोठी गोष्ट केली. पावसाळा संपला की गावात पाणी किती आहे ते मोजायचे, आधी माणसांचे आणि गुरांचे राखून ठेवायचे आणि उरेल त्यात कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस लावायचा नाही. पाण्याचे अंदाजपत्रक म्हणतात ते हेच. आपल्या मंडळीचे वार्षिक अंदाजपत्रक आपण मोठ्या काटेकोरपणे मांडतो. वसतिगृहाचे पाण्याचे अंदाजपत्रक ऑक्टोबरात मांडायला काय हरकत आहे? टाकीत किती, विहिरीत किती हात, बोअर किती मिनिटे चालते, मुली किती, जूनला दिवस किती. फारोच्या मिसरात योसेफाने सुकाळाच्या वर्षांत कोठारे भरली तेव्हा दुष्काळ अजून कोणी पाहिलाही नव्हता, हे आपण रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतोच.

मिशनच्या कामातही पाण्याचा विचार पूर्वीपासून आहे. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य वेचले. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट क्षेत्राचे काम गावकऱ्यांच्या श्रमदानाने व्हावे, यासाठी त्यांनी जे प्रयत्न केले त्यातूनच १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था नगरमध्ये सुरू झाली. पंडिता रमाबाईंच्या केडगावचीही आठवण होते. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा तिथे आणल्या. मुक्ती मिशनची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ज्या काळात बाहेर माणसे तहानेने आणि भुकेने रस्त्यावर पडत होती, त्या काळात एवढ्या मुलींना रोज पाणी पुरवायचे म्हणजे काय, याची कल्पना आज साठ मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्यालाच येईल. नळ नव्हता, मोटर नव्हती. विहीर, मोट, घागर आणि कडक शिस्त.

उलट बाजूही पाहिली आहे आपण. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. शिक्षणासाठी नावाजलेल्या त्या शहरातून बाहेरगावचे विद्यार्थी गावी परतू लागले होते. लातूर बीडला लागूनच आहे.

आता थोडे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. आपल्यापैकी बरेच जण कार्यालयात, शाळेत, इस्पितळात, दुकानात काम करतात. रात्रीच्या काठीची परीक्षा तिथेही तशीच चालते. मीटर असेल तर आणखी बरे, रात्रीचा आणि पहाटेचा आकडा लिहून ठेवायचा. शनिवारी रात्री कार्यालय बंद असताना मीटर फिरत असेल तर ते पाणी कोणीच पीत नाही. पुण्यातल्या काही हॉटेलांनी २०१८ च्या सुमारास गिऱ्हाइकाला अर्धा पेला पाणी द्यायला सुरुवात केली, हवे तर पुन्हा भरून. कारण टेबलावर उष्टे राहिलेले पाणी ओतूनच द्यावे लागते. चर्चच्या सभागृहात लग्न असते तेव्हा सीलबंद बाटल्या अर्ध्या पिऊन खुर्चीखाली टाकलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला सांगितले होते. बारा टोपल्या भरल्या, आणि चमत्कार नुकताच डोळ्यांदेखत झालेला असूनही त्या टाकून दिल्या नाहीत.

शेवटी एक गोष्ट, जी मला बराच काळ दिसली नव्हती. आम्ही कार्यकर्ते मुलींना पाणी वाचवायला शिकवतो, असे आम्हांला वाटते. पालावरून आलेल्या पारधी मुलीला ते शिकवावे लागत नाही. आई मैलभर चालून हंडा आणते, आणि गावच्या हापशावर आपल्याला कोणत्या नजरेने पाहतात तेही तिने पाहिलेले असते. कुणाला पाणी भरू द्यायचे आणि कुणाला नाही, हा वाद याकोबाच्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईइतका जुना आहे. अशी मुलगी वसतिगृहात पहिल्या दिवशी एका तांब्यात हातपाय-तोंड धुते. तीन महिन्यांनी ती नळ सोडून मैत्रिणीशी बोलत उभी असते. उधळपट्टी तिने इथे येऊन शिकलेली असते. मोठ्यांचे पाहून आणि उघड्या सोडलेल्या नळांचे पाहून.

म्हणून टाकीची काठी मुलींच्याच हाती द्यावी. जिथे हे केले आहे तिथे आठवड्याला दोन मुलींची पाळी असते. त्या रात्री-पहाटे खूण करतात, फरक लिटरमध्ये काढतात आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या फळ्यावर खडूने लिहितात. सातवीच्या मुलींचे घनफळाचे गणित त्यातच होऊन जाते. फरक वाढला की त्या टॉर्च घेऊन गळती शोधायला निघतात, आणि खरे सांगायचे तर प्लंबरपेक्षा लवकर शोधून काढतात.

या वर्षी ज्या मंडळ्यांना किंवा कुटुंबांना एखाद्या वसतिगृहाला मदत करायची असेल, त्यांनी मे महिन्याच्या आत पन्हळी, जाळ्या आणि नळ्यांचा खर्च विचारून घ्यावा. एकदा पाऊस सुरू झाला की छतावर चढणारा मिस्त्री मिळत नाही. रुरल पॅन बसवायचे असतील तर दिवाळीच्या सुट्टीत. आणि वायसर, एअरेटर, बॉलकॉक, बाटल्यांची बुचे अशा किरकोळ सामानासाठी वर्षभराची छोटी रक्कम वेगळी लिहून पाठवावी. तिची पावती मिळेल. पाटी लागणार नाही.